हजेरीपटावरचं रहस्य

खालापूर तालुक्यात, चौकजवळच्या हातनोलीला नितीन चंद्रकांत देसाई यांनी २००५ मध्ये स्टुडिओ उभारला आणि हिंदी सिनेमाला ‘कर्जत’ हे नाव पाठ झालं. स्टुडिओ खालापुरात, ओळख कर्जतची. ‘जोधा अकबर’मधला आग्र्याचा किल्ला इथे उभा राहिला, ‘राजा शिवछत्रपती’ मालिकेतला शिवकाळ इथे घडला, ‘प्रेम रतन धन पायो’चा शीशमहाल इथे लखलखला. २ ऑगस्ट २०२३ रोजी देसाई यांनी याच स्टुडिओत जगाचा निरोप घेतला. प्लायवूड, प्लास्टर आणि रंग यांच्या जोरावर माळरानावर साम्राज्यं उभी करणारा तो फार मोठा कलावंत होता.

मात्र ही साम्राज्यं उभी राहत होती, त्याच वर्षांत पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी अशी स्टेशनं घेत जाणाऱ्या कर्जत-खोपोली लोकलमधून दप्तरं पाठीला लावून मुलं शाळेत जात होती. या मुलांच्या वाट्याला कॅमेरा क्वचितच आला. आणि एक विशिष्ट प्रकारचा सिनेमा, ज्यात शाळकरी मुलगाच गुप्तहेर असतो, गुन्हा त्याच्याच वर्गाच्या आसपास घडतो आणि मोठी माणसं कुचकामी ठरतात, तो मराठीत जवळपास नाहीच. तो व्हायला हवा, आणि तो कर्जत-खालापूरसारख्या ठिकाणी, तिथल्याच शाळेत शिकलेल्या कुणीतरी करायला हवा, असं ठामपणे म्हणण्यासाठी हा लेख. त्याला आधार आहे तो एका लहानशा अमेरिकी चित्रपटाचा.

रायन जॉन्सनचा ‘ब्रिक’ जानेवारी २००५ मध्ये सनडान्स महोत्सवात दाखवला गेला आणि दृष्टीच्या वेगळेपणासाठी परीक्षकांचं खास पारितोषिक घेऊन परतला. जॉन्सन तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हता; ‘नाइव्ह्ज आउट’ यायला अजून चौदा वर्षं होती. ‘ब्रिक’ची पटकथा त्याने सिनेमाचं शिक्षण संपवल्यावर, १९९७ च्या सुमारास लिहिली. त्यानंतरची कितीतरी वर्षं पैसे जमवण्यात गेली. शाळकरी पोरांनी खुनाचा तपास करायचा आणि तोही हसण्यावारी न नेता, या कल्पनेवर कुठलीच निर्मिती संस्था पैसे लावेना. शेवटी घरच्यांनी आणि मित्रांनी मिळून साडेचार लाख डॉलरच्या आसपास रक्कम उभी केली. हॉलिवूडच्या हिशेबात ही रक्कम नगण्य. चित्रीकरण जेमतेम वीस दिवसांत उरकलं. संगीत चुलतभाऊ नेथन जॉन्सनचं. त्याने फायलींची कपाटं आणि स्वयंपाकघरातली भांडी वाजवून त्यातला बराचसा नाद तयार केला. संकलन घरच्या कॉम्प्युटरवर झालं.

पण कमी पैशांत सिनेमा करणारे पुष्कळ असतात. ‘ब्रिक’चं खरं भांडवल होती जागा. जॉन्सनने चित्रीकरण केलं ते दक्षिण कॅलिफोर्नियातल्या सॅन क्लेमेंटे या आपल्या गावात, आपण शिकलो त्याच हायस्कुलात. त्या शाळेत कोण कुठे बसतं, मागच्या भिंतीआड कुणाचा अड्डा असतो, पार्किंगमध्ये कुणाची सत्ता चालते, हे त्याला विद्यार्थी म्हणून माहीत होतं. त्यामुळे त्याला सेट लावावा लागला नाही.

गोष्ट अशी. ब्रेंडन फ्राय हा कुणातही न मिसळणारा, इमारतीमागे एकटाच डबा खाणारा मुलगा. भूमिका जोसेफ गॉर्डन-लेव्हिटची. एके दिवशी त्याची पूर्वीची मैत्रीण एमिली त्याला फोन करते. ती घाबरलेली आहे, धड सांगत नाही, मधेच फोन तुटतो. दोन दिवसांनी पावसाचं पाणी वाहून नेणाऱ्या एका बोगद्याच्या तोंडाशी तिचं प्रेत त्याला सापडतं. तो पोलिसांकडे जात नाही. पोलीस आले की ज्यांनी हे केलं ते सावध होतील, हे त्याला कळतं. मग तो एकेका टोळक्यात शिरतो: नाटकवाली मंडळी, खेळाडू, श्रीमंतांची पोरं, नशा करणारी पोरं. मार खातो, चष्मा काढून ठेवून मार देतो आणि हळूहळू ‘द पिन’ नावाच्या अमली पदार्थांच्या व्यापाऱ्यापर्यंत पोहोचतो. हा पिन काळा झगा घालतो, काठी टेकत चालतो आणि धंदा करतो तो आईच्या घराच्या तळघरात. वर स्वयंपाकघरात त्याची आई, तळघरात काय चालतं याची गंधवार्ता नसल्यासारखी, मुलाच्या या रक्ताळलेल्या ‘मित्रा’ला प्रेमाने सफरचंदाचा रस देते.

हा प्रसंग हसू आणतो आणि लगेच पोटात गोळाही आणतो. सबंध चित्रपटात मोठी माणसं जवळजवळ दिसत नाहीत. दिसतात त्यांतली एक ही आई आणि दुसरे शाळेचे उपमुख्याध्यापक. हे उपमुख्याध्यापक आणि ब्रेंडन यांचा संवाद थेट जुन्या गुप्तहेरपटातल्या पोलीसप्रमुख आणि खासगी हेराच्या संवादाच्या वळणाचा आहे: मला माहिती दे, मी तुला सांभाळून घेतो; मला तुमची मेहेरबानी नको. त्या भूमिकेत रिचर्ड राउंडट्री आहे, म्हणजे १९७१ च्या ‘शाफ्ट’मधला गाजलेला गुप्तहेर. जॉन्सनने एकेकाळच्या हेरालाच हेडसरांच्या खुर्चीशेजारी बसवलं आहे.

पोरं बोलतात तीही १९३० च्या दशकातल्या रहस्यकथांच्या भाषेत, तुटक आणि झटपट. पहिली दहा मिनिटं प्रेक्षक बावरतो. नंतर त्याला हे पटून जातं, कारण सोळाव्या वर्षी प्रत्येक गोष्ट जीवन-मरणाचीच असते. कोण कुणाबरोबर डबा खातं, यावरून तिथे माणसाची निष्ठा ठरते. मोठ्यांच्या जगात जे गुन्हेगारांच्या टोळ्यांत चालतं, ते शाळेत मधल्या सुट्टीत चालतं. आणि या काळ्या, म्हणजे ‘फिल्म न्वार’ वळणाच्या सिनेमातला बराचसा भाग लख्ख उन्हात, मोकळ्या मैदानावर घडतो.

जॉन्सनने ही भाषा घेतली डॅशिएल हॅमेटकडून. हॅमेट आधी पिंकर्टन या खासगी हेरसंस्थेत नोकरीला होता, मग लेखक झाला. ‘रेड हार्वेस्ट’ ही त्याची कादंबरी १९२९ ची, ‘द माल्टीज फाल्कन’ १९३० ची. १९२९ मध्येच जर्मनीत एरिख केस्टनरचं ‘एमिल अँड द डिटेक्टिव्ह्ज’ प्रसिद्ध झालं: आगगाडीत पैसे चोरीला गेलेला एक मुलगा आणि चोराचा पाठलाग करणारी बर्लिनची पोरं. सडलेल्या शहराचा हेर आणि शाळकरी पोरांची हेरगिरी ही दोन्ही एकाच वर्षाची अपत्यं. १९३१ मध्ये ‘एमिल’चा चित्रपट झाला, त्याची पटकथा लिहिली बिली वाइल्डरने. पुढे हिटलरच्या जर्मनीतून निसटून अमेरिकेत गेलेल्या याच वाइल्डरने १९४४ मध्ये ‘डबल इंडेम्निटी’ केला. काळ्या गुन्हेपटांचा विषय निघाला की पहिल्या पाचांत ज्याचं नाव येतं, तो हा चित्रपट. थोडक्यात, पोरांची रहस्यकथा आणि मोठ्यांचा काळोख यांच्यात मूळचं फार अंतर नव्हतं.

मराठीत मात्र ते अंतर पडलं आणि वाढत गेलं.

रहस्यकथेची भूक मराठी वाचकाला कायम होती. बाबूराव अर्नाळकर, म्हणजे चंद्रकांत सखाराम चव्हाण, यांनी हजारांहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, धनंजय, काळापहाड ही नावं दोन-तीन पिढ्यांच्या तोंडी होती. गुरुनाथ नाईकही हजारापार गेले. ही पुस्तकं शाळकरी मुलं पाठ्यपुस्तकात लपवून वाचत. वाचक शाळेतला, नायक मात्र सदैव कोटपँटमधला प्रौढ.

मुलांना त्यांचा स्वतःचा नायक दिला तो भा. रा. भागवतांनी. १९१० मध्ये जन्मलेल्या आणि २००१ मध्ये निवर्तलेल्या भागवतांचा बनेश फेणे फुरसुंगीचा, शिकायला पुण्याच्या विद्याभवनात, अंगाने किडकिडीत, सायकलीवर सुसाट. ‘टॉक्’ असा आवाज काढला की समजायचं, गडी विचारात पडला आहे. १९८७ मध्ये दूरदर्शनवर मालिका आली, तीत सुमीत राघवन फेणे झाला. ज्यांचं बालपण या पुस्तकांवर पोसलं त्यांना त्यातला वेग आठवतो, आणि त्या वेगाइतकाच त्यातला विश्वासही. फेणेच्या जगात चोर असतात, हेर असतात, विमान पळवणारे असतात. पण ते बाहेरून येतात. शेवटी पोलीस वेळेवर पोहोचतात, मास्तर पाठ थोपटतात, मोठी माणसं बहुतेक भली निघतात. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन दशकांचा तो विश्वास होता आणि तो खोटा नव्हता. पण त्या विश्वासावर काळा गुन्हेपट उभा राहू शकत नाही.

सुहास शिरवळकर यांच्या लेखनात तर हे अंतर एकाच माणसाच्या टेबलावर दिसतं. मंदार पटवर्धन, फिरोझ इराणी, बॅरिस्टर अमर विश्वास, दारा बुलंद हे त्यांचे नायक रहस्यकथांच्या वाचकांना तोंडपाठ. त्याच शिरवळकरांनी ‘दुनियादारी’ लिहिली: पुण्यातलं कॉलेज, कट्टा, टोळकी, हाणामाऱ्या, विश्वासघात. काळ्या गुन्हेपटाला लागणारा सगळा माल तिथे हजर आहे. पण त्यांचा हेर कट्ट्यावर कधी आला नाही आणि कट्ट्यावरचा पोरगा कधी हेर झाला नाही. संजय जाधव यांनी २०१३ मध्ये ‘दुनियादारी’चा चित्रपट केला, तो तुफान चालला, आणि त्यातूनही पुढे आली ती मैत्री आणि प्रेमच.

शाळेवरचे मराठी चित्रपट कमी नाहीत. मिलिंद बोकिलांच्या कादंबरीवरचा सुजय डहाके यांचा ‘शाळा’, रवी जाधव यांचा ‘बालक-पालक’, नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’. यातल्या ‘फँड्री’त शाळा हे निर्दय ठिकाण असू शकतं हे दिसलं, आणि त्यातल्या जब्या या मुलाने भिरकावलेला दगड प्रेक्षकाच्या अंगावर आला. तरीही या साऱ्यांत मूल साक्षीदार तरी असतं, बळी तरी, नाहीतर प्रेमात पडलेलं. ते तपास करत नाही. प्रश्न विचारत दारोदार फिरणारं मूल, हा अधिकारच मराठी पडद्याने पोरांना फारसा दिला नाही.

अपवाद २०१७ चा. आदित्य सरपोतदार दिग्दर्शित, क्षितिज पटवर्धन लिखित ‘फास्टर फेणे’ त्या वर्षी ऑक्टोबरात आला. अमेय वाघचा फेणे शाळकरी राहिलेला नाही. वैद्यकीय प्रवेशपरीक्षा द्यायला पुण्यात आलेला तरुण आहे. परीक्षेच्या निमित्ताने ओळख झालेला एक मुलगा मेल्याची बातमी येते, मृत्यू आत्महत्या म्हणून नोंदला जातो, आणि फेणेला ते पटत नाही. तपास करता करता तो प्रवेशपरीक्षांच्या काळ्या बाजारापर्यंत पोहोचतो. त्या बाजाराचा म्होरक्या अप्पा, गिरीश कुलकर्णींनी असा उभा केला की फेणेच्या जुन्या जगातले सगळे खलनायक त्याच्यापुढे पोरकट वाटावेत. हा अप्पा बाहेरून आलेला नाही, तो व्यवस्थेच्या आतच बसला आहे. दिलीप प्रभावळकरांना खुद्द भा. रा. भागवतांच्या रूपात पडद्यावर आणून चित्रपटाने जुन्या फेणेला मानाने नमस्कारही केला आणि त्याला अंधारात उतरवलं. चार वर्षांनी, डिसेंबर २०२१ मध्ये, शिक्षक पात्रता परीक्षेतल्या गैरव्यवहारात राज्य परीक्षा परिषदेच्या आयुक्तांनाच अटक झाली. पटकथेत असं पात्र घातलं असतं, तर अतिरंजित म्हणून खोडलं गेलं असतं.

आणखी एक मराठी दिग्दर्शक या वाटेवर पोहोचला, पण हिंदीतून. कोकणातल्या शाळकरी मुलाचा ‘किल्ला’ करणारे अविनाश अरुण. त्या चित्रपटाला २०१४ च्या बर्लिन महोत्सवात मुलांच्या विभागात क्रिस्टल बेअर मिळालं होतं. पुढे ‘पाताल लोक’ या गुन्हेमालिकेच्या दिग्दर्शनात त्यांचा वाटा होता, आणि २०२३ मध्ये त्यांनी ‘स्कूल ऑफ लाइज’ ही आठ भागांची मालिका केली. डोंगरातल्या एका उच्चभ्रू निवासी शाळेतून बारा वर्षांचा मुलगा नाहीसा होतो आणि शाळेच्या भिंतीआड दडपलेलं एकेक बाहेर येतं. मुलांच्या मनातला अंधार एवढ्या गांभीर्याने आपल्याकडे फार कमी जणांनी हाताळला आहे. मात्र तिथली शाळा श्रीमंतांची. कर्जत तालुक्यातही निवासी शाळा आहेत. त्यांना आश्रमशाळा म्हणतात.

कर्जत-खालापूरचा भूगोल काळ्या गुन्हेपटाला किती जवळचा आहे, हे नकाशा उघडला तरी कळतं. एका बाजूला बोरघाट. पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना मागून रेटा देणारी इंजिनं कर्जतला जोडली जातात. गाडी थांबते, वडे विकले जातात, शेकडो अनोळखी माणसं काही मिनिटं फलाटावर असतात आणि जातात. दुसऱ्या बाजूला द्रुतगती मार्ग आणि खालापूरचा टोलनाका. घाटमाथ्यावरचं पाणी मोठ्या लोखंडी नळांतून खाली सोडून खोपोलीत १९१५ पासून वीज तयार होते, तेच पाणी पुढे पाताळगंगेला जातं. पनवेल-कर्जत लोकलमार्गाचं काम हाती घेतलं गेलं आणि जमिनीचे भाव चढत गेले. डोंगरपायथ्याशी शहरातल्या लोकांची फार्महाउसं आहेत. आठवडाभर बंद, शनिवारी रात्री दिवे. त्यांची राखण स्थानिक कुटुंबं करतात. कुठल्या बंगल्याची किल्ली कुठल्या खिळ्याला असते आणि परवा रात्री कुणाची गाडी आली होती, हे राखणदाराच्या नववीतल्या मुलाला माहीत असतं. अशा मुलाइतका चांगला हेर कुठल्या पटकथाकाराला सुचेल?

आणि इथला गुन्हा कल्पनेतला नाही. जून २०११ मध्ये खालापुरातल्या एका रिसॉर्टवर रायगड पोलिसांनी रेव्ह पार्टीवर छापा घातला, शेकडो तरुण-तरुणींना ताब्यात घेतलं. अटक झालेल्यांत मुंबई पोलिसांच्या अमली पदार्थविरोधी पथकातला एक अधिकारी होता. ज्याने रोखायचं तोच आत, ही हॅमेटची आवडती गाठ. डिसेंबर २०२३ मध्ये खोपोलीजवळ मेफेड्रोन तयार करणारा कारखाना पोलिसांनी उघडकीला आणला. जप्त मालाची किंमत शंभर कोटींच्या वर सांगितली गेली. ‘ब्रिक’ म्हणजे वीट, आणि त्या चित्रपटातली वीट हेरॉइनची आहे. कॅलिफोर्नियातल्या उपनगरी पोरांच्या हाती ती कशी पडली, हे दाखवायला जॉन्सनला कथा रचावी लागली.

पण या भागातलं सगळ्यात मोठं रहस्य अमली पदार्थांचं नाही. ते दरवर्षी दिवाळीनंतर घडतं आणि त्याला कुणी रहस्य म्हणत नाही.

कातकरी वाड्यांवरची कुटुंबं पावसाळ्यात, हाताला काम नसताना, उचल घेतात. दिवाळी झाली की ती फेडायला मुलाबाळांसकट वीटभट्टीवर जातात आणि पाऊस तोंडावर आला की परततात. कातकरी ही केंद्र सरकारने विशेष असुरक्षित आदिम जमात म्हणून नोंदलेली जमात. महाराष्ट्रात अशा तीनच आहेत, दुसऱ्या दोन कोलाम आणि माडिया गोंड. भट्टीवर गेलेल्या मुलांची नावं शाळेच्या हजेरीपटावर राहतात, मुलं नसतात. सरकारने शिक्षण हमी कार्ड काढलं, ते दाखवून मुलाने जिथे जाईल तिथल्या शाळेत बसावं अशी सोय. विधायक संसद या संस्थेने जुन्या ठाणे जिल्ह्यात भट्ट्यांवरच भोंगाशाळा चालवल्या. तरीही नोव्हेंबर-डिसेंबरात बाक रिकामे होतात आणि वर्ग पुढे चालू राहतो. ‘ब्रिक’मध्ये एक मुलगी नाहीशी झाल्यावर एकच मुलगा शोधाला निघतो, बाकी शाळेला फरक पडत नाही. इथे तर नाहीसं होणं हा रिवाज आहे.

चित्रपटाची गोष्ट इथून सुरू व्हायला हवी. वर्तमानपत्रातून ती घेता येणार नाही, कारण बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ नुसार गुन्ह्याशी संबंध आलेल्या मुलाची ओळख छापता येत नाही. हा नियम योग्यच आहे. पण त्याचा एक परिणाम असा की मुलांच्या वाट्याला आलेले गुन्हे बातमीत दोन ओळींत, बिनचेहऱ्याने येतात आणि विसरले जातात. चेहरा देण्याचं काम मग कल्पित कथेनेच करायचं.

अडचणी खऱ्या आहेत, पण पार करता येण्यासारख्या. चौदा वर्षांखालचं मूल काम करणार असेल तर २०१७ च्या सुधारित बालकामगार नियमांनुसार जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी लागते, म्हणजे इथे अलिबागला अर्ज. मुलाकडून दिवसाला पाच तासांहून जास्त काम घेता येत नाही, सलग तीन तासांच्या वर विश्रांतीशिवाय नाही. पाच मुलांमागे एक जबाबदार माणूस नेमावा लागतो. मानधनातला किमान वीस टक्के भाग मुलाच्या नावे मुदत ठेवीत टाकावा लागतो. हे नियम जाच नाहीत. मुलांच्या शोषणावर चित्रपट काढणाऱ्याने ते मनापासून पाळायचे असतात. प्रमाणपत्राचा प्रश्नही आता थोडा सुटला आहे. २०२४ पासून ‘यूए’ श्रेणीचे सात, तेरा आणि सोळा वर्षं असे तीन भाग झाले. अमेरिकेत ‘ब्रिक’ला सतरा वर्षांखालच्यांनी पालकांबरोबरच पाहावा असा शिक्का बसला. इथे काळजीपूर्वक लिहिलेला असा चित्रपट तेरा किंवा सोळाच्या श्रेणीत बसला, तर ज्यांच्याबद्दल तो आहे त्यांना तो पाहता येईल.

उरतो प्रश्न भाषेचा, आणि तिथे कर्जत-खालापूर सॅन क्लेमेंटेच्याही पुढे आहे. जॉन्सनला आपल्या पोरांसाठी जुन्या पुस्तकांतून बोली उसनी आणावी लागली. इथे वर्गात प्रमाण मराठी, मैदानावर आगरी, वाडीवर कातकरी किंवा ठाकरी, लोकलमध्ये हिंदी. दोनच बोली येणाऱ्याला इथे अर्धाच पुरावा मिळेल. तेव्हा या चित्रपटाचा हेर म्हणून आश्रमशाळेत नववीला असलेली कातकरी मुलगी घ्यावी: बाईंशी पुस्तकी बोलणारी, मिनीडोरवाल्याशी आगरीत हुज्जत घालणारी आणि आजीशी घरच्या बोलीत कुजबुजणारी. शेजारच्या बाकावरची मैत्रीण दिवाळीच्या सुट्टीनंतर येत नाही. भट्टीवर गेली असेल, असं सगळे म्हणतात. पण तिचे आईबाप या वर्षी भट्टीवर गेलेलेच नाहीत, हे या मुलीला ठाऊक आहे. मग उचल कुणाच्या नावावर घेतली, ती दिली कुणी, ट्रक कुठल्या रस्त्याने गेला, टोलनाक्याच्या अलीकडच्या बंगल्यावर त्या रात्री कोण आलं होतं, आणि सर पटावर तिची हजेरी अजून का लावताहेत, इथून तिने विचारायला सुरुवात करावी.